हातातलं पिस्तूल नेमकं कोणतं? मॉडेल आणि उपप्रकार ओळखायची पद्धत

स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागावर, कंपनीचं नाव ठळक कोरलेलं असतं, शेजारी एखादा आकडा असतो आणि मालकाची समजूत होते की ओळख पटली. पुढे कधीतरी जास्तीचं मॅगझीन (काडतुसांची पेटी) मागवलं की ते बसत नाही. नवी स्प्रिंग आखूड पडते. होल्स्टरमध्ये पिस्तूल अर्ध्यावर अडकतं. स्लाइडवरचं नाव हे घराण्याचं नाव असतं आणि त्या घराण्यात चाळीस-पन्नास वर्षांत जन्मलेली भावंडं दिसायला सारखी असली, तरी त्यांचे सुटे भाग एकमेकांना चालतीलच असं नाही. कोणतं भावंड आपल्याकडे आहे, हे ठळक अक्षरांपेक्षा बारीकसारीक गोष्टी सांगतात: मॅगझीनचा खटका कुठे आहे, सेफ्टी (गोळी सुटू नये म्हणून असलेला खटका) स्लाइडवर आहे की फ्रेमवर (मूठ असलेल्या खालच्या भागावर), ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) गोल आहे की चौकोनी, एखादी पिन जाड आहे की बारीक.

वडिलोपार्जित पिस्तूल नावावर झालेलं असो, वापरलेलं विकत घेतलेलं असो, किंवा परवान्यावर कारकुनाने मॉडेलच्या रकान्यात नुसतं ‘पिस्तूल’ लिहून ठेवलेलं असो, पद्धत एकच.

सगळ्यात आधी ते रिकामं करा

पिस्तूल न्याहाळायचं म्हणजे ते वर-खाली फिरवायचं, नळीच्या तोंडाशी डोळे न्यायचे, खटके दाबून पाहायचे. भरलेल्या शस्त्राशी यातलं काहीही करायचं नसतं. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर. आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड मागे ओढा. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड मागे घेतल्यावर एक काडतूस बाहेर पडतं खरं, पण ती पुढे जाताना मॅगझीनमधलं दुसरं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, सारते. नंतर मॅगझीन काढून ‘रिकामं झालं’ म्हणणाऱ्याच्या हातात तेव्हा भरलेलं पिस्तूल असतं.

स्लाइड मागे अडकवून ठेवा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीचं टोक घालून चाचपा. सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या काही पिस्तुलांत मॅगझीन काढलं की ट्रिगर चालत नाही. त्या सोयीवर विसंबू नका. काही पिस्तुलं, उदाहरणार्थ बहुतेक ग्लॉक, उघडण्यासाठी ट्रिगर दाबावाच लागतो. म्हणून उघडण्याआधी चेंबर पुन्हा एकदा तपासायचा. तुम्हाला त्या पिस्तुलाची उघडझाप येत नसेल, तर या लेखातली निम्म्याहून जास्त कामं ते न उघडताही होतात. उघडायचं काम शस्त्र दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडे सोपवा.

जे कोरलेलं आहे ते जसंच्या तसं उतरवा

कागद-पेन्सिल घ्या आणि पिस्तुलावरची प्रत्येक खूण लिहून काढा. अर्थ लावायची घाई करू नका. ‘हे बहुतेक अमुकच असणार’ म्हणून कागदावर अक्षर पूर्ण केलं की पुढची सगळी शोधाशोध चुकीच्या वाटेने जाते. शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी यांची सरमिसळ तर ठरलेलीच, तेव्हा शंका असेल तिथे तशी नोंद करा.

पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. स्लाइडच्या दोन्ही बाजू, फ्रेमच्या दोन्ही बाजू, ट्रिगर गार्डचा खालचा आणि पुढचा भाग, मुठीची पुढची आणि मागची कड, काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीतून दिसणारा नळीचा भाग, नळीच्या खाली फ्रेमचा तळ. ग्लॉकसारख्या प्लास्टिक फ्रेमच्या पिस्तुलांत सिरीयल नंबर त्या तळाशी बसवलेल्या धातूच्या छोट्या पट्टीवर असतो. मुठीच्या पट्ट्या काढल्यावर आतही खुणा सापडतात, पण स्क्रूच्या खाचेत अचूक बसणारा ड्रायव्हर नसेल तर त्या नादी लागू नका. ओरखडलेली खाच कुठल्याच साहित्याने भरून येत नाही.

बुजलेली अक्षरं वाचायला टॉर्च समोरून न धरता अगदी आडवी, पृष्ठभागाला जवळपास चिकटवून धरा. खोलगट रेषेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. थोडं तेल लावलेलं फडकं आणि मऊ ब्रश एवढंच स्वच्छतेला पुरे. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, आम्ल यांतलं काहीही लावायचं नाही. आणि सिरीयल नंबर घासून काढलेला किंवा बदललेला दिसला, तर तो स्वतः उठवायच्या भानगडीत पडू नका. पुष्कळ देशांत असं शस्त्र नुसतं जवळ असणं हाच गुन्हा आहे, तेव्हा आधी वकील आणि मग परवाना देणारं खातं.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानंतर बाहेरून आलेल्या पिस्तुलांवर आयातदाराचं नाव आणि गाव कोरावं लागतं. ते नाव बारीक अक्षरांत नळीवर किंवा फ्रेमवर असतं आणि पुष्कळ जण त्यालाच कारखानदार समजून बसतात.

कॅलिबर: ‘९ मिमी’ एवढ्यावर थांबू नका

कॅलिबर म्हणजे पिस्तूल कोणत्या काडतुसासाठी घडवलं आहे ते. ओळख चुकली तर बाकीच्या बाबतीत पैसे वाया जातात. इथे हात जाऊ शकतो. एकच काडतूस चार नावांनी लिहिलं जातं आणि एकाच आकड्याची चार वेगळी काडतुसंही असतात. ९ मिमी लुगर, ९ मिमी पॅराबेलम आणि ९×१९ ही तिन्ही नावं एकाच काडतुसाची. ९ मिमी कुर्झ, ९ मिमी कोर्टो, .३८० एसीपी आणि ९×१७ हे दुसरं, लहान काडतूस. ७.६५ ब्राउनिंग म्हणजे .३२ एसीपी, ६.३५ ब्राउनिंग म्हणजे .२५ एसीपी. सोव्हिएत मकारोव्ह पिस्तुलाचं ९×१८ या सगळ्यांहून निराळं; त्याची गोळी ९×१९ च्या गोळीपेक्षा व्यासाने किंचित जाड असते. स्पॅनिश ९ मिमी लार्गोचं कवच लांबीला २३ मिलिमीटर.

कॅलिबरवरून उपप्रकार ठरतो त्याचं नमुनेदार उदाहरण इटलीचं. तिथे ९×१९ हे लष्करी काडतूस मानून बराच काळ सामान्य नागरिकांना त्याची पिस्तुलं मिळत नव्हती. म्हणून बेरेटाने ९२एफएस हेच पिस्तूल ९×२१ मध्ये काढलं आणि त्याला नाव दिलं ९८एफएस. बाहेरून फरक सांगता येणार नाही अशी ही जोडी, फक्त लिखाण वेगळं.

कॅलिबर फ्रेमवरून किंवा मॅगझीनवरून ठरवू नका, नळीवरून ठरवा. नळी बदललेली असू शकते, मॅगझीन तर कुणाचंही असू शकतं. नळीवर काहीच वाचता येत नसेल तर कारागिराकडून चेंबरचं माप काढून घ्या. ‘काडतूस आत जातंय की’ हा पुरावा नव्हे.

बांधणी वाचणं, हेच खरं काम

बेरेटा ९२ चं कुटुंब यासाठी उत्तम धडा आहे, कारण तिथे प्रत्येक अक्षरामागे एक दिसणारा बदल आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यात आलेल्या मूळ ९२ मध्ये सेफ्टी फ्रेमवर होती आणि मॅगझीन सोडायचं बटण मुठीच्या डाव्या बाजूला अगदी खालच्या टोकाशी. ९२एस मध्ये सेफ्टी स्लाइडवर गेली आणि तिनेच हॅमर (मागची आपटणारी हातोडी) सुरक्षितपणे खाली यायला लागला; बटण मात्र खालीच राहिलं. ९२एसबी मध्ये बटण वर, ट्रिगर गार्डच्या मागे आलं आणि सेफ्टीचा खटका दोन्ही बाजूंना झाला. ९२एफ मध्ये ट्रिगर गार्डची पुढची कड गोल न राहता चौकोनी, दुसऱ्या हाताचं बोट टेकावं अशी आत वळलेली झाली. अमेरिकी लष्कराने १९८५ मध्ये एम९ म्हणून स्वीकारलेलं पिस्तूल याच ९२एफ च्या घडणीचं.

त्यानंतर काही पिस्तुलांच्या स्लाइड गोळी झाडताना तुटल्या आणि तुटलेला मागचा तुकडा चालवणाऱ्याच्या तोंडावर आला. ९२एफएस मधला बदल त्यातून झाला: हॅमर ज्या पिनवर फिरतो तिचं डावीकडचं डोकं मोठं केलं आणि स्लाइडच्या आतून त्याला जुळणारी खाच दिली. आता स्लाइड तुटली तरी ते डोकं तिला अडवतं. एफ आणि एफएस यांतला फरक बाहेरून लिखाणाखेरीज एवढाच. तेव्हा डाव्या बाजूला हॅमरखालची ती पिन निरखून पाहा. पिनचं डोकं लहान असेल आणि स्लाइडवर ९२एफएस लिहिलेलं असेल, तर फ्रेम आणि स्लाइड एका जन्माची नाहीत.

आता याच कुटुंबासारखं दिसणारं, पण आधुनिक असूनही फ्रेमवर सेफ्टी असलेलं पिस्तूल हातात आलं तर? ते बहुधा ब्राझीलचं टॉरस पीटी९२. बेरेटाचा तिथला कारखाना टॉरसने घेतला आणि मूळ ९२ ची फ्रेमवरची सेफ्टी तिथे टिकून राहिली. थोडक्यात, नकलांचीही स्वतःची वंशावळ असते. चेक सीझेड ७५ च्या घडणीवरून इटली, तुर्कस्तान, इस्रायल आणि चीनमध्ये पिस्तुलं निघाली, आणि त्यांतल्या कित्येकांचं सामान मूळ सीझेडला बसत नाही.

वॉल्थरच्या पीपी, पीपीके आणि पीपीके/एस या त्रिकुटात घोटाळा नेहमीचा. पीपी १९२९ चं, पीपीके त्यानंतर लगेच आलेलं आखूड रूप. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने आयातीसाठी किमान उंची ठरवली, त्यात पीपीके थोडक्यात नापास झालं. वॉल्थरने मग पीपीची उंच फ्रेम आणि पीपीकेची आखूड स्लाइड एकत्र आणली, तेच पीपीके/एस. ओळखायचं कसं? मुठीच्या मागे अंगठा फिरवा. तळहाताला धातूची कड लागली आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या पट्ट्या असतील तर ती पीपीची किंवा पीपीके/एस ची फ्रेम. प्लास्टिकचं एकच आवरण मागून वळून दोन्ही बाजू झाकत असेल तर पीपीके. (युद्धकाळातल्या काही नगांत अपवाद आहेत, संग्राहकांना ते ठाऊक असतात.) मुठीच्या पट्ट्या मागवताना ही एक गोष्ट न पाहणाऱ्यांचे पैसे हमखास बुडतात.

ग्लॉकचं त्या मानाने सोपं. मॉडेलचा आकडा स्लाइडवर असतोच, पिढी तेवढी ठरवायची. चौथी आणि पाचवी पिढी स्लाइडवर लिहिलेली असते. लिहिलेलं नसेल तर बहुधा पहिल्या तिघांपैकी एक: मुठीच्या पुढच्या कडेला नुसता खडबडीतपणा असेल तर पहिली, चौकटीदार खाचा असतील पण बोटांचे खळगे नसतील तर दुसरी, बोटांचे खळगे असतील तर तिसरी. टॉर्च लावायची पन्हाळ तिसरीत आली, पण खळगे आहेत आणि पन्हाळ नाही अशी मधल्या काळातली पिस्तुलंही आहेत. मॉडेलचा आकडा आकार सांगतो अशा समजुतीत राहू नका. १७ हे नाव कंपनीच्या सतराव्या पेटंटवरून पडलं आहे, आणि १९एक्स मध्ये १९ ची स्लाइड १७ च्या लांबीच्या मुठीवर बसवलेली आहे.

अमेरिकी लष्कराच्या १९११ पिस्तुलाच्या घराण्याबद्दल दोनच खुणा सांगतो, कारण तो विषय न संपणारा आहे. ट्रिगरच्या मागे फ्रेमला बोटासाठी दोन्हीकडे चंद्रकोरीसारखी खोलगट कापणी असेल तर घडण एम१९११ए१ ची, नसेल तर मूळ एम१९११ ची. कोल्टच्या १९८० च्या दशकातल्या सिरीज ८० मध्ये फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) अडवणारी योजना आली; स्लाइड काढून उलटी धरली की फायरिंग पिनच्या वाटेत स्प्रिंगवर चालणारी छोटी गोल खुंटी दिसते. बाजारात मात्र ‘सिरीज ७०’ हा शब्द आता ‘खुंटी नसलेलं कोणतंही १९११’ अशा अर्थाने फिरतो. विक्रेता तसं म्हणाला म्हणून ते १९७० च्या दशकातलं कोल्ट ठरत नाही.

जिथे आकडाच बोलतो

स्मिथ अँड वेसनच्या तिसऱ्या पिढीतल्या धातूच्या पिस्तुलांचे चार आकडे म्हणजे संकेतच. पहिले दोन आकडे घडण आणि कॅलिबर सांगतात: ३९ म्हणजे मॅगझीनमध्ये काडतुसांची एकेरी रांग असलेलं ९ मिमी, ५९ दुहेरी रांगेचं, ६९ दुहेरी रांगेचं आटोपशीर, ४५ म्हणजे .४५. तिसरा आकडा आकार आणि ट्रिगरची रीत सांगतो. शेवटचा धातू सांगतो: ३ असेल तर अॅल्युमिनियम मिश्रधातूची फ्रेम आणि स्टेनलेस स्लाइड, ४ असेल तर तीच फ्रेम पण काळी स्लाइड, ६ असेल तर सगळंच स्टेनलेस. त्यामुळे ५९०६ हे जड, पूर्ण स्टेनलेस, दुहेरी रांगेचं निघतं आणि ३९१३ हलकं, आटोपशीर, एकेरी. चुंबक लावून फ्रेम तपासली की आकडा आणि वस्तू जुळतात का ते कळतं. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पी३८ वर तर बहुधा कंपनीचं नावच नसतं. ‘एसी’ ही लॅटिन अक्षरं म्हणजे वॉल्थर, ‘बीवायएफ’ म्हणजे माउझर, ‘सीवायक्यू’ म्हणजे स्प्रीवेर्क. पहिल्या दोघांच्या अक्षरांजवळचे दोन आकडे म्हणजे साल. नाव नाही म्हणून पिस्तूल बनावट, असा निष्कर्ष काढू नका.

प्रूफचे शिक्के आणि साल

युरोपातल्या अनेक देशांत प्रत्येक शस्त्र सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाच्या काडतुसाने तपासलं जातं आणि त्यावर शिक्का मारला जातो. अमेरिकेत अशी सरकारी सक्ती नाही, म्हणून तिथल्या पिस्तुलांवर हे शिक्के शोधून डोळे दुखवू नयेत.

जर्मन शिक्क्यांत हरणाची शिंगं दिसली तर ते उल्मचं प्रूफ हाउस. शेजारी दोन लॅटिन अक्षरं असली तर ते साल: ए म्हणजे ०, बी १, सी २, असं आयपर्यंत ८, जे वगळायचं आणि के म्हणजे ९. ‘एचआय’ म्हणजे ७८, अर्थात १९७८. इटलीत रोमन आकड्यांची पद्धत १९७४ ला संपली आणि चौकटीतली दोन अक्षरं सुरू झाली, एए हे १९७५ चं. तिथे मधली काही अक्षरं गाळलेली आहेत, त्यामुळे बोटांवर मोजू नका, तक्ता पाहा. चेक पिस्तुलांवर सरळ सालाचे शेवटचे दोन आकडेच असतात.

एवढं लक्षात असू द्या की शिक्का तपासणीचं साल आणि ठिकाण सांगतो, घडणीचं नव्हे. वॉल्थरचीच गोष्ट घ्या. युद्धानंतर पीपी मालिकेची घडण बराच काळ फ्रान्समधल्या मॅन्युरँ कंपनीत होत होती, आणि त्यातली पुष्कळ पिस्तुलं उल्मला पूर्ण होऊन वॉल्थरच्या नावाने, शिंगांच्या शिक्क्यासह विकली गेली.

मापं

नळीची लांबी मोजताना लोक स्लाइड मोजतात. स्लाइड बंद, पिस्तूल रिकामं असताना लाकडी काडी नळीच्या तोंडातून ब्रीचला (नळीमागच्या बंद पाठीला) टेकेपर्यंत हलकेच आत सोडा, तोंडाशी खूण करा, काडी बाहेर काढून मोजा. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये चेंबर लांबीत धरला जातो. १९११ चं पूर्ण रूप १२७ मिलिमीटर, त्याचं आखूड रूप कमांडर साधारण १०८. ग्लॉक १७ चं ११४, १९ चं १०२, २६ चं ८७. बेरेटा ९२एफएस १२५. पाच-सहा मिलिमीटरचा फरक आला तर नळी बदललेली आहे का ते पाहा.

सिरीयल नंबर शेवटी

पुष्कळ जण इथूनच सुरुवात करतात आणि फसतात. एकच नंबर दोन कारखान्यांत, दोन दशकांत, दोन मॉडेलांवर आलेला असू शकतो. घराणं, उपप्रकार आणि अंदाजे काळ हातात आला की मगच नंबरच्या यादीला अर्थ येतो. फ्रेम, स्लाइड आणि नळी यांवरचे नंबर एकमेकांशी ताडून पाहा. जुळले नाहीत तर भाग बदललेले आहेत. लष्करी डेपोत दुरुस्त झालेल्या पिस्तुलांत हे सर्रास दिसतं आणि त्यात संशयास्पद काहीच नसतं. कायद्याच्या दृष्टीने शस्त्र म्हणजे कोणता भाग, हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत फ्रेमचा नंबर चालतो, अनेक युरोपीय देशांत स्लाइड आणि नळीही नोंदवावी लागते. सिग पी३२० मध्ये तर नंबर आतल्या ट्रिगरच्या सांगाड्यावर असतो आणि बाहेरची मूठ हवी तेव्हा बदलता येते. अशा पिस्तुलाचा आकार आज एक, उद्या दुसरा.

नंबरसह फोटो कुणालाही पाठवू नका, शेवटचे तीन-चार आकडे झाका. ओळख सांगणाऱ्याला तेवढ्याने काही अडत नाही.

इतकं करूनही दोन उपप्रकारांत अडकलात तर कंपनीला लिहा. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनच्या जुन्या पिस्तुलांबद्दल शुल्क भरून नोंदवहीतला उतारा मिळतो, त्यात पिस्तूल कारखान्यातून कधी आणि कोणत्या रूपात बाहेर पडलं ते असतं. इतर कंपन्याही ग्राहक विभागातून बहुधा उत्तर देतात. पत्रात उतरवलेल्या सगळ्या खुणा, डावी-उजवी बाजू, खिडकीतून दिसणारी नळी आणि मुठीची मागची कड असे चार फोटो, नळीचं माप आणि सेफ्टी व मॅगझीनच्या खटक्याची जागा एवढं द्या. कंपनीला पूर्ण सिरीयल नंबर द्यावाच लागतो. त्याच पत्रात त्या नंबरवर सुरक्षेसाठी परत बोलावण्याची काही सूचना निघाली आहे का, तेही विचारा. आलेलं उत्तर परवान्याच्या कागदांसोबत लावा, आणि परवान्यावर मॉडेल चुकीचं निघालं तर दुरुस्तीचा अर्ज पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबवू नका.